सोळा तासांचा उपास : आठ महिन्यांनंतर

आषाढी एकादशीला सुरू केलं तेव्हा काट्यावर ९१ किलो होतं, आता ८४.५ आहे. लातूरच्या मोंढ्यात आडतीवर बसतो. म्हणजे दिवसभर गादी, हिशोब आणि चहा. दोनदा जेवायचं, तेही ५५ मिनिटांत उरकायचं, हे आमच्याकडं डॉ. जगन्नाथ दीक्षितांमुळं घरोघर माहीत आहे. मला ते झेपलं नाही, म्हणून १६:८ धरलं. दुपारी १२ ते रात्री ८ खायचं, बाकी वेळ पाणी आणि बिनसाखरेचा कोरा चहा. माय पहिल्याच दिवशी म्हणाली, "काय करायलास रे बाबा, उपाशी मरायलास का?"

भूक लागायची बरोबर साडेदहाला. टपरीवरचा पोऱ्या किटली घेऊन यायची तीच वेळ. किटलीचं झाकण वाजलं की पोटात कावळे. भुकेचं संप्रेरक, घ्रेलिन, रोजच्या खाण्याच्या वेळेला चढतं आणि काही खाल्लं नाही तरी आपोआप उतरतं, असं वाचलं होतं. पटलं ते घड्याळाकडं बघत बसल्यावर. अकरा वाजेस्तोवर भूक पसार! तिसऱ्या आठवड्यात पोऱ्या येऊन गेलेलाही कळेना.

पंधरवड्यात दोन किलो उतरले म्हणून पेढे वाटायचे राहिले होते फक्त. पण त्यात बरंचसं पाणीच असतं. शरीरातली साठवलेली साखर संपते, तिच्याबरोबर तिनं धरलेलं पाणीही जातं.

खरी गोची बाराला व्हायची. डबा उघडला की तुटून पडायचो. दोनाच्या जागी चार भाकरी, येसराची आमटी, वर तेल ओतून मूठभर शेंगदाण्याची चटणी. रात्री पावणेआठला पुन्हा घाईघाईनं फरसाण, कारण आठला दार बंद! एकादशी अन् दुप्पट खाशी, दुसरं काय. रात्रभर छातीत जळजळ, सकाळी घरच्यांवर चिडचिड. दिवाळीपासून काटा ८७ वर जो अडला तो हलेचना.

मग वेळ सरकवली : सकाळी ९ ते संध्याकाळी ५. घरून जेवून निघायचं, दुसरा डबा साडेचारला आडतीवरच. जळजळ गेली आणि रात्रीची खा-खा आपसूक बंद झाली. माझ्या मते उरलेलं वजन उतरलं ते यानं.

तासांत जादू काही नाही. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये २०२२ साली चीनमधला १३९ जणांचा वर्षभराचा अभ्यास आला होता. कॅलरी दोन्ही गटांना कमीच. एका गटाला शिवाय आठ तासांचं बंधन. त्यांचं सरासरी ८ किलो उतरलं, नुसत्या कॅलरीवाल्यांचं ६.३, आणि हा फरक ठोस धरण्याइतका नव्हता. पण मला ताटातल्या कॅलरी मोजता येत नाहीत, घड्याळ बघता येतं.

वेळअमावस्येला मात्र सगळे नियम बांधावर. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, दिवसभर. दुसऱ्या दिवशी सव्वा किलो जास्त, चार दिवसांत परत जागेवर.

मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय याच्या नादी लागू नये. माझं बघून मेव्हण्यानं सुरू केलं आणि अकरा वाजता दरदरून घाम, हात थरथर. गूळ चारला तेव्हा भानावर आला. डॉक्टरांनी गोळी कमी केली आणि उपासही बंद केला.

पोऱ्या आता न सांगता माझ्यापुढं कोरा चहा ठेवतो. दूध नाही, साखर नाही, पैसे मात्र तेवढेच घेतो.