जंपर वायरी सोडून क्रिम्पर घेतला, सात-आठ महिने वापरून काय वाटतं

आधीच सांगतो, टेबलावर नुसता एलईडी ब्लिंक करायचा असेल तर हे वाचू नका, जंपर वायर (तयार पिनांच्या, नुसत्या खोचायच्या वायरी) झिंदाबाद. पण घरी बनवलेली रोबोट गाडी फरशीवर पळणार असेल, मोटरी थरथरणार असतील, तर महागड्या सेन्सरच्या आधी रॅचेटवाला क्रिम्पर घ्या, म्हणजे वायरीच्या टोकाला धातूची पिन दाबून बसवणारी, पूर्ण दाबल्याशिवाय न सुटणारी पक्कड. लई जण उलटं करतात.

माझी गाडी म्हणजे झिरो पीसीबीवर (नुसत्या भोकांचा बोर्ड) ईएसपी३२ हा कंट्रोलर, एन्कोडरच्या (चाक किती फिरलं ते मोजणारा सेन्सर) दोन गिअर मोटरी, एक सर्वो (ठराविक कोनात वळणारी मोटर) आणि तीन सेलची लिपो बॅटरी. जंपरवर होती तोवर मधेच रीसेट व्हायची, सिरियल मॉनिटरवर (कॉम्प्युटरवर बोर्डचे मेसेज दिसतात तिथं) ब्राउनआउट डिटेक्टरचा, म्हणजे व्होल्टेज पडल्याचा, मेसेज यायचा, आणि ग्रुपवर विचारलं की सगळे बॅटरी बदल नाहीतर कोड बघ म्हणायचे. दुखणं निघालं ग्राउंडच्या ढिल्या पिनेत. कनेक्टर बदलल्यापासून तो मेसेज परत दिसला नाही.

घेतला तो एसएन-२५४९. काम असं चालतं: वायर साधारण दोन-अडीच मिलिमीटर सोलायची, पिन जबड्यात ठेवून एक-दोन क्लिक दाबायची म्हणजे ती तिथंच धरून राहते, मग वायर आत सरकवायची. पिनेला पंखांच्या दोन जोड्या असतात, पुढची तांब्यावर बसते आणि मागची इन्सुलेशनवर, आणि खरी गोम मागच्या जोडीत आहे कारण ओढाताण तीच झेलते. रॅचेट आपोआप सुटेपर्यंत दाबायचं, मधे सोडायचं नाही. नंतर मोबाईलचा कॅमेरा झूम करून बघायचं की एखादी तार बाहेर तर राहिली नाही, मग पिन हाउसिंगमधे (कनेक्टरच्या प्लास्टिकच्या खोळीत) ढकलायची, टिक आवाज आला पाहिजे, आणि वायर हलकी ओढून बघायची. टिक नाही आली तर पिन बसलेली नाही, पुढं जाऊ नका.

एक मित्र कायम म्हणतो, "अरे भाऊ, एवढा कुटाणा कशाला, सोल्डर मारून टाक की." क्रिम्पवर सोल्डर मारलं की ते तारांमधून वर चढतं, वायर तेवढ्या भागात ताठ होते आणि जिथं ताठपणा संपतो तिथंच थरथरीनं तुटते. शिवाय आपल्याकडं लाईट कधी जाईल सांगता येत नाही, क्रिम्परला लाईट लागत नाही. मे महिन्यात पंखा बंद करून सोल्डरिंग केलेल्यांना याची किंमत कळेल!

वायरीचं जरा नीट बघा. नांदेडात दुकानात गेज म्हणून मागितलं की ७/३६ का १४/३६ असं विचारतात, म्हणजे ३६ नंबरच्या सात तारा किंवा चौदा तारा. ७/३६ जवळपास २४ एडब्ल्यूजीला पडते (अमेरिकन गेज, नंबर लहान तेवढी वायर जाड), एक्सएचच्या (छोटा जेएसटी कनेक्टर, पुढं सांगतो) पिनेत मस्त बसते. १४/३६ तिथं कोंबू नका, ती २२ पेक्षा जाड आहे आणि एक्सएच २२ पर्यंतच घेतो.

आता कुठला कनेक्टर. ड्युपॉन्ट (जंपर वायरीच्या टोकाला असतो तो) फक्त टेस्टिंगला, त्याला लॉकच नाही. रिलीमेट गावात कुठंही मिळतो, उलटा बसत नाही, लॉक आहे, पण जागा खातो. मी सेन्सर आणि एन्कोडरला जेएसटी एक्सएच लावला, घट्ट बसतो, २२ च्या वायरीवर ३ अँपिअरचं रेटिंग आहे. त्याचा पिच (दोन पिनांमधलं अंतर) २.५ मिलिमीटर, झिरो पीसीबीचा २.५४, दोन-चार पिनांत काही कळत नाही, पण दहा पिनांचा घेतला तर शेवटपर्यंत ०.३६ मिलिमीटरचा फरक साठतो आणि पाय वाकवत बसावं लागतं. सर्वोचा तीन पिनी तसाच ठेवला, प्लस मधोमध असल्यानं उलटा लागला तरी सहसा जळत नाही.

मोटर आणि बॅटरी एक्सएचवर अजिबात नको. मोटर अडकली की करंट एकदम वर जातो. बॅटरीला एक्सटी६०, मोटरला एक्सटी३०, हे जास्त करंटचे कनेक्टर. हे मात्र सोल्डरच करावे लागतात, आणि करताना समोरचा जोडीदार कनेक्टर लावून ठेवा, नाहीतर गरम प्लास्टिकमधे पिन सरकते. तयार वायरीवाली पीएच (जेएसटीचाच, एक्सएचपेक्षा बारका कनेक्टर) केबल विकत आणली तर आधी मल्टिमीटर लावा, लाल-काळा कुठल्या बाजूला याचा काही नेम नसतो.

तक्रारी पण आहेत. पीएचच्या बारक्या पिना या जबड्यात चेपतात, त्यासाठी वेगळा टूल बघा. हँडल कडक आहे, माझी भाची सातवीत आहे, तिला दोन्ही हात लावावे लागतात. आणि ऑनलाईन मागवलेल्या डब्यातल्या ड्युपॉन्टच्या पिना इतक्या पातळ पत्र्याच्या आहेत की थोड्या वेळा काढ-घाल केली की पकडच जाते. एक्सएचच्या त्यामानानं बऱ्या निघाल्या.

डब्यात हाउसिंग ढीगभर उरतात आणि पिना आधी संपतात, म्हणून ऑर्डर करतानाच पिनांचं एक सुटं पाकीट सोबत टाका. इथं दुकानात रिलीमेटच्या पिना मिळतात, एक्सएचच्या विचारल्या की दुकानदार अख्खी केबलच पुढं करतो.