वणव्याच्या इशाऱ्यासाठी कोणता उपग्रह धरावा?

ग्रामसभेकडे सामूहिक वनहक्काचं जंगल आहे आणि वणव्यावर फोनवरून लक्ष ठेवायचंय, तर आधी उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका जमिनीवर केवढी जागा व्यापतो ते बघा. निम्मा निर्णय तिथेच होतो.

आग टिपणारी दोन उपकरणं उपग्रहांवर बसवलेली आहेत, मोडिस आणि व्हिअर्स. मोडिसचा ठिपका 1 किलोमीटरचा, म्हणजे तब्बल 100 हेक्टर. व्हिअर्सचा 375 मीटरचा, जेमतेम 14 हेक्टर. भारतीय वन सर्वेक्षण दोन्हींचे इशारे एसएमएसने देत आलंय. मोडिस वाहणारे उपग्रह, 1999 ला सोडलेला टेरा आणि 2002 चा अ‍ॅक्वा, आता म्हातारे झालेत. सागाच्या पाचोळ्यातून सरपटत जाणारी लहान आग त्यांच्या नजरेतून सहज निसटते. मी तरी व्हिअर्सच धरीन.

त्याचीही अडचण आहे, वेळेची. तो डोक्यावरून जातो दुपारी आणि रात्री दीडच्या सुमारास. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून कुणी झाडाखालचा पाला संध्याकाळी सहाला पेटवला, तर उपग्रहाला तो दिसणार मध्यरात्र उलटल्यावर, आणि संदेश त्याहूनही उशिरा. शिवाय संदेशातले अक्षांश-रेखांश ठिपक्याच्या मध्याचे असतात, आगीचे नव्हेत. तिथे पोचल्यावर धूर दिसला नाही म्हणून माघारी फिरू नका, अडीचशे-तीनशे मीटर चौफेर हिंडा. कधी संदेशातली आग म्हणजे शेतात जाळलेला कचराही निघतो.

2024 ला सोडलेला आपला हवामान उपग्रह इन्सॅट-3डीएस दर अर्ध्या तासाला चित्र देतो. ऐकायला झकास, पण उष्णता टिपणारा त्याचा ठिपका 4 किलोमीटरचा, म्हणजे 1600 हेक्टर! आपल्या जमिनीलगतच्या वणव्यासाठी त्याच्या भरवशावर बसू नका.

सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहांचं काम वेगळं. ठिपका 10 ते 20 मीटर, म्हणजे एक ते चार गुंठे. फेरी साधारण पाच दिवसांनी, त्यामुळे इशाऱ्याला निरुपयोगी. पण आगीआधीचं आणि नंतरचं चित्र शेजारी ठेवलं की जळालेला पट्टा अगदी बांधासकट दिसतो. हिरव्या पानांवरून परतणारे जवळचे अवरक्त किरण जळाल्यावर घटतात, त्यावरून तो ओळखतात. पुढच्या वर्षीची जाळरेषा (आग अडवायला पाला साफ केलेला पट्टा) कुठे काढायची, हे त्यावरून ठरवा. आणि ती लवकर काढा: दिवसाच्या सरासरी कमाल तापमानात 2023 चा फेब्रुवारी देशात 1901 पासूनचा तोवरचा सर्वात तापलेला फेब्रुवारी होता. पाला आता होळीची वाट बघत नाही.

ड्रोनसाठी वर्गणी काढताय? आधी पाला उडवायचे ब्लोअर घ्या. रात्री दोनला संदेश आला, की हातात तेच लागतात.