सपाट तळवे, उंच टाचा आणि नऊ महिने वापरलेले इन्सोल

हील्स सोडायच्या नाहीत हे ठरवूनच मी इन्सोल, म्हणजे तळव्याच्या कमानीला आधार देणाऱ्या, बुटात घालायच्या गाद्या, घेतले. वयाच्या विसाव्या वर्षापासून उंच टाचा घालते आहे. त्या पायात आल्या की पाठ ताठ होते, चाल बदलते, आणि ते मला मनापासून आवडतं. पण गेल्या वर्षी उजव्या पायाची कमान बसत चालल्याचं लक्षात आलं. आंघोळीनंतर फरशीवर उमटणाऱ्या ओल्या पावलाला आतल्या बाजूने जी खाच असायची, ती भरून गेली होती. रोजच्या बुटांच्या टाचा आतून जास्त झिजत होत्या. संध्याकाळ झाली की घोट्याच्या आतल्या हाडाखाली ठणका सुरू व्हायचा.

अस्थिरोगतज्ज्ञांनी मला उभं करून माझा अंगठा हाताने वर उचलला, तेव्हा बसलेली कमान पुन्हा उभी राहिली. म्हणजे पाय सपाट आहे, पण लवचीक आहे, ताठरलेला नाही. मग एका पायावर उभं राहून टाच उचलायला सांगितलं. डाव्याने सहज जमलं, उजव्याने तीन वेळा उचलली आणि पाय थरथरायला लागला. पोटरीत खोलवर टिबिआलिस पोस्टिरिअर नावाचा स्नायू असतो. त्याचा कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोरीसारखा भाग, आतल्या घोट्यामागून वळून पावलाच्या हाडांना धरतो आणि कमान तोलून ठेवतो. मोठेपणी पाय सपाट होण्यामागे बहुतेकदा हाच कंडरा थकलेला असतो. माझा थकायला लागला होता.

मला कोड्यात टाकणारी गोष्ट वेगळीच होती. हील्स घातलेल्या असताना कमान दुखायची नाही. दुखायची ती काढल्यावर, घरात अनवाणी फिरताना. याचं उत्तर फिजिओथेरपिस्टकडे मिळालं. बोटं वर वाकली की तळव्याखालचा जाड पट्टा, प्लांटार फॅशिया, चवड्याच्या सांध्यांवरून रहाटाच्या दोरासारखा ताणला जातो आणि कमान वर उठते. हिक्स या संशोधकांनी १९५४ साली हे मांडलं. उंच टाचेत बोटं सतत वर वाकलेली असतात, त्यामुळे कमान उचललेली राहते. पण त्याच वेळी पोटरी आखडलेली असते. २०१० सालच्या एका अभ्यासात नेहमी हील्स घालणाऱ्या स्त्रियांच्या पोटरीतले स्नायुतंतू सुमारे १३ टक्के आखूड आढळले होते, टाचेचा कंडरा जाड आणि ताठ. अशी आखडलेली पोटरी घेऊन जमिनीवर सपाट पाऊल टाकलं की घोटा पुरेसा वाकत नाही, आणि ती उणीव पाऊल आत कलंडून, कमान पाडून भरून काढतं. मी वर्षानुवर्षं हील्स घालतानाचे तास मोजत होते. मोजायला हवे होते उतरल्यानंतरचे.

म्हणून दोन जोड घेतले. एक पूर्ण लांबीचा, खोल टाचेचा, आतल्या बाजूने कडक आधार असलेला, रोजच्या बुटांसाठी. दुसरा अरुंद आणि पाऊण लांबीचा, हील्समध्ये बसणारा.

पहिला आठवडा वाईट गेला. कमानीखाली गोटी ठेवल्यासारखं वाटायचं. पहिल्या दिवशी एक तास, मग रोज एकेक तास वाढवत जायचं असं सांगितलं होतं. मी तिसऱ्याच दिवशी दिवसभर घातले आणि गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला कळ आली. पुन्हा एका तासापासून सुरुवात केली. तिसऱ्या आठवड्यात गोटी जाणवेनाशी झाली. दोन महिन्यांनी संध्याकाळचा ठणका रोजच्याऐवजी आठवड्यातून एखाद्या दिवशी. रोजच्या बुटांतला हा जोड मला शंभर टक्के पटला आहे. बुटातला मूळ इन्सोल आधी काढून टाका, नाहीतर टाच वर येते आणि चालताना निसटते.

हील्समधल्या जोडाबद्दल मत एवढं सरळ नाही. पाच सेंटिमीटरपर्यंतच्या टाचेत, घोट्याला पट्टा असलेल्या सँडलमध्ये तो छान बसतो. पाय पुढे घसरत नाही. सातच्या वर मात्र बुटाचा उतारच इतका तीव्र असतो की इन्सोलची कमान आपल्या कमानीच्या पुढे सरकते आणि टोचते. बंद, निमुळत्या बुटात तर बोटांची जागाच खाते. शिवाय उंच टाचेत खरा भार चवड्यावर येतो, कमानीचा आधार तिथे फारसा कामाला येत नाही. त्यासाठी मी चवड्याची छोटी गादी वेगळी लावली. ती दुखणाऱ्या हाडांच्या खाली नाही, किंचित मागे लावायची. मी आधी बरोबर खालीच चिकटवली होती आणि दुखणं वाढलं. बोटभर मागे सरकवल्यावर त्याच दिवशी फरक पडला. पुढचा सोल जाड असलेल्या हील्सही मला मानवल्या, कारण टाचेच्या उंचीतून पुढच्या सोलची जाडी वजा होते आणि पाय तेवढा कमी वाकतो.

इन्सोलइतकंच श्रेय व्यायामाला देईन. हील्स काढल्या की लगेच भिंतीला हात लावून पोटरीचा ताण, आधी गुडघा सरळ ठेवून, मग किंचित वाकवून, कारण दोन्हींत वेगवेगळे स्नायू ताणले जातात. बोटं न मुडपता चवडा टाचेकडे ओढून कमान उचलायचा व्यायाम, आणि पायरीच्या कडेवर सावकाश टाचा उचलणं. उजव्या पायाने आता बारा वेळा होतं. घरात अनवाणी फिरणं मी बंद केलंय, आधाराची चप्पल असते.

ओलं पाऊल अजून तसंच उमटतं, खाच परत आलेली नाही आणि येईल अशी अपेक्षाही नाही. तुमच्या घोट्याच्या आत सूज असेल, किंवा एका पायावर टाच उचलताच येत नसेल, तर इन्सोल मागवण्याआधी डॉक्टरांना दाखवा. कंडरा फाटत असेल तर तयार इन्सोलवर वेळ घालवणं महागात पडतं.

सध्या हील्स आठवड्यातून दोनदा, सलग तीन तासांच्या आत. जायच्या-यायच्या वाटेवर बूट, हील्स पिशवीत. सात सेंटिमीटरच्या काळ्या जोडीचे पट्टे परवाच घट्ट करून घेतले. बुटांतल्या इन्सोलचा टाचेखालचा फोम आता दाबून बसलाय, अंगठ्याने दाबला तर परत वर येत नाही. पुढच्या महिन्यात तोच, त्याच मापाचा नवा घेणार आहे.