नाशिकच्या थंडीने अंगण फुटेल म्हणणाऱ्याला दारात उभं करू नका

"यंदाच्या थंडीत तुमचं अंगण फुटणार, आत्ताच सीलर मारून घ्या" असं सांगत कोणी आलं (सीलर म्हणजे काँक्रीटमध्ये पाणी शिरू नये म्हणून मारायचं द्रावण), तर त्याला फाटकाबाहेरूनच परत पाठवा. पाथर्डी फाट्याकडच्या आमच्या गल्लीत हीच थाप मारून एका माणसाने तीन घरांमधून पैसे उकळले. आमचे ३१,५०० रुपये गेले. पैशांपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे त्यापायी आईचा हात मोडला, आणि म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

बोलण्यात माणूस पक्का. डिसेंबर होता, निफाडचा पारा किती उतरला याची बातमी रोज पेपरात. त्याने नेमकं तेच धरलं. बाबांना म्हणाला, "काका, थंडीने द्राक्षाचे मणी तडकतात हे वाचता ना तुम्ही? का तडकतात? आत पाणी असतं म्हणून. काँक्रीटमध्येही पाणी असतं. ते गोठलं की फुगतं आणि वरचा थर सोलून निघतो." मग मोबाईलवर फोटो दाखवले. पापुद्रे सुटलेल्या पायऱ्या, खपल्या निघालेले रस्ते.

या थापेत अर्धं खरं आहे, म्हणूनच ती गळी उतरते. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं. काँक्रीटची बारीक छिद्रं पाण्याने जवळजवळ भरलेली असतील आणि ते पाणी पुन्हा पुन्हा गोठत-वितळत राहिलं, तर वरचा थर खरोखर निघतो. बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात तिथे तर जास्तच. लेह, काश्मीर, हिमाचलचा उंचावरचा भाग, तिथे ही काळजी घ्यावीच लागते. पण आपल्याकडे? थंडीच्या दिवसांत पाऊस नसतो, काँक्रीट बऱ्यापैकी सुकलेलं असतं. निफाडकडे एखाद्या पहाटे पिकावरचं दव गोठल्याची बातमी येते, पण पानावरचं दव गोठणं वेगळं आणि जमिनीला टेकलेला चार इंची काँक्रीटचा थर आतपर्यंत गोठणं वेगळं. दिवसभराची ऊब त्यात असते आणि दुपारी तर आपण सावली शोधतो. नाशकात काँक्रीट खराब होतं ते पावसाने, क्युरिंगला पाणी कमी मारल्याने, मिस्त्रीने माल पातळ केल्याने. पाणी झिरपत सळईपर्यंत पोचतं, सळई गंजते, गंज जास्त जागा घेतो आणि वरचं काँक्रीट ढकलून फोडतो. थंडीचा यात काही संबंध नाही.

पुढचा खेळ यंत्राचा. दोन टोकदार सुया असलेलं छोटं मीटर त्याने अंगणाला टेकवलं. लाल दिवा लागला, पीं पीं वाजलं. "बघा काका, किती ओल." आईने सकाळीच अंगण धुतलं होतं. शिवाय सुयांची असली मीटरं मुळात लाकडासाठी असतात, काँक्रीटवर त्यांचा आकडा धरून चालत नाही. मग त्याने पायरीचा एक कोपरा कापडाने "पुसून" घेतला आणि त्यावर बाटलीतलं पाणी ओतलं. अळवाच्या पानावर उभे राहावेत तसे थेंब उभे राहिले. त्या कापडाला काय लावलेलं होतं ते त्यालाच ठाऊक. पुसलेल्या चौकोनाबाहेर पाणी टाकलं की दगड लगेच काळा पडत होता. हा फरक बघूनच बाबांनी २०,००० रुपये अ‍ॅडव्हान्स दिला.

दुसऱ्या दिवशी दोन पोरं सकाळी लवकर आली. अंगणावर दव होतं, ते त्यांनी खराट्याने नुसतं झाडलं. डब्याचं सील आधीच फोडलेलं होतं आणि जुन्या लेबलवर नवं लेबल चिकटवलेलं होतं, त्याचा कोपरा सुटून खालची रंगीत कड दिसत होती. दुधासारखा माल बादलीत ओतला आणि आमच्याच नळाचं पाणी त्यात सोडलं, मोजमाप काही नाही. काही सीलरमध्ये पाणी घालायचं असतं, पण किती ते डब्यावर छापलेलं असतं. रोलर फिरवून दुपारच्या आत मंडळी उरलेले पैसे घेऊन गेली. अंगण चकाचक दिसत होतं.

चमक आठवडाभरही टिकली नाही. कारच्या चाकाखालचा थर टायरला चिकटून निघाला, कुंड्यांच्या कडेला पांढरे ढग उमटले. गल्लीत काम करणाऱ्या पेंटरने नखाने खरवडलं तर रबरासारखी साल गोळा होऊन आली. म्हणाला, "ताई, हे पातळ केलेलं अ‍ॅक्रिलिक आहे. ओल खाली कोंडली गेली." आणि अशाच एका दवाच्या पहाटे आई तुळशीला पाणी घालायला गेली, त्या गुळगुळीत थरावरून पाय सरकला आणि मनगट मोडलं. तिच्या वयाला हे दुखणं छोटं नाही.

सीलर हा प्रकार वाईट नाही, हे आवर्जून सांगते. उघड्यावरच्या काँक्रीटला पावसापासून वाचवायचं तर सिलेन-सिलोक्सेन प्रकारचा, आत मुरणारा सीलर उपयोगाचा. तो वर थर करत नाही, चमकत नाही, आतली वाफ बाहेर जाऊ देतो. नवीन काँक्रीट असेल तर २८ दिवस जाऊ द्यावेत, जमीन पूर्ण सुकलेली असावी. सुकली का ते बघायला मीटर लागत नाही. प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवायचा, सकाळी खाली थेंब जमले असतील तर थांबायचं. एका लिटरमध्ये साधारण २५ ते ५० चौरस फूट होतात. आमच्या ९०० चौरस फुटांना त्याने एकच डबा आणला होता. सीलबंद डबा आपल्यासमोर फोडायला लावा. काम झाल्यावर, माल पूर्ण सुकला की पाणी ओता, तेही त्याने दाखवलेल्या जागी नको, आपण निवडलेल्या जागी.

त्याने दिलेलं "१० वर्षांची वॉरंटी"चं कार्ड आमच्याकडे आहे. त्यावरचा जीएसटी नंबर १४ आकड्यांचा. खरा नंबर १५ आकडी-अक्षरी असतो आणि महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो. अंबडच्या औद्योगिक वसाहतीतला पत्ता शोधत भाऊ जाऊन आला, त्या नंबरचा गाळाच नाही. फोन बंद.

पोलीस ठाण्यात अर्ज दिला आहे. ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ ला, तक्रार नोंदवली. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही, म्हणून रक्कम लहान आहे असं म्हणून गप्प बसू नका. गल्लीतल्या दुसऱ्या दोन घरांनीही आपले फोटो आणि पैसे दिल्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवले आहेत. इंदिरानगरकडेही असाच कोणी फिरून गेल्याचं ऐकते आहे. तुमच्याकडे तसलं कार्ड, पावती किंवा तो रिकामा डबा असेल, तर भंगारात टाकू नका. जवळच्या ठाण्यात अर्ज द्या आणि त्याला जोडा.