टम्बलर, आठ महिन्यांनंतर: दगड चकाकले, पट्ट्याने डोकं खाल्लं

दगडांचा छंद असलेल्या आम्हा सोलापूरच्या अकरा जणांच्या ग्रुपने गड्ड्याची यात्रा संपल्यावर वर्गणी काढून हा टम्बलर, म्हणजे डबा फिरवत ठेवून दगड घासून चकाकवणारं मशीन घेतला. तीन पौंडी, रबरी डब्याचा. मशीन माझ्याकडे आहे, कारण रात्रंदिवसाची घरघर दुसऱ्या कुणाच्या घरी खपेना. मी पूर्व भागातला, मागाच्या खटखटीत वाढलो. मला उलट झोप छान लागते.

मुद्दा एकच, पट्टा. एप्रिलमध्ये पारा 42 च्या वर गेला आणि तो गोल रबरी पट्टा जुन्या इलॅस्टिकसारखा सैल पडला. सकाळी बघतो तर मोटार फिरतेय, डबा ढिम्म. कंपनीला फोन. "फोटो पाठवा सर." पाठवला. "बिल पाठवा सर." पाठवलं. चार दिवसांनी उत्तर आलं, पट्टा वॉरंटीत बसत नाही, नवा 450, कुरिअर वेगळं. अहो, तेवढ्यात आमच्याकडे चादर येते! रागाच्या भरात एक स्टार देऊन टाकला.

तो आज बदलतोय. ग्रुपमधल्या एक मावशी गणवेश शिवतात. एका रविवारी आल्या, पट्टा बोटावर ताणून पाहिला आणि म्हणाल्या, "एवढंच होय? पायमशीनची वादी लाव की." 60 रुपयांची चामडी वादी. मापात कापली, टोकांना भोकं पाडून तारेचा हूक दाबून बसवला. सांधा पुलीवरून गेला की टक् वाजतं, तेवढंच. सैल पडली की अर्धं बोट कापायची, पुन्हा हूक. मे महिन्यापासून एकदाही थांबलेली नाही.

आणि काम? मार्चमध्ये सीनेच्या कोरड्या पात्रातून पिशवीभर अकीक (इंग्रजीत ॲगेट) वेचले होते. काळ्या दगडातल्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत साचून तयार झालेले. बाहेरून अगदी वाळल्या बटाट्यासारखे. पहिल्या टप्प्याची भरड, 60/90 दाण्याची सिलिकॉन कार्बाइड पूड मशीनसोबतच्या पत्रकात सात दिवस सांगितलीय, मी दहा देतो. चारही टप्पे उरकून एक खडा धुऊन हातात घेतला, तर चिरलेल्या कांद्यासारखी वलयं, आणि कोरडा असूनही ओला वाटावा असा. सगळा ग्रुप तो एकच खडा पाळीपाळीने उन्हात धरून बसला होता.

पत्रकात एक गोष्ट ठळक हवी होती. सारख्या कडकपणाचेच दगड एकत्र टाका. कडकपणाच्या मोह्‌स मापावर अकीक 6.5 ते 7, स्टिलबाइट हे मऊ खनिज 3.5 ते 4. एकाने हौसेने दोन्ही टाकले. आठवड्यानंतर स्टिलबाइटचा फक्त गाळ निघाला. हो, तो गाळ मोरीत ओतू नका, खाली सिमेंटसारखा बसतो. प्लंबरला काय दिले ते विचारू नका.

मोटार 25 वॅटची. चोवीस तास चालवून महिन्याला 18 युनिट. तक्रार नाही.

तीन स्टार. चौथा पट्ट्याने घालवला, पाचवा त्या फोनवरच्या "सर"ने. वादीचे 60 रुपये ग्रुपकडून अजून यायचेत.