मेकॅनिकल फ्लँज स्प्रेडर आणि ६०–३४० चा टॉर्क पाना : मे ते डिसेंबर वापरानंतरचा अनुभव

साखर कारखान्याच्या ऑफ सीझनमध्ये ज्यूस हीटर, इव्हॅपोरेटर आणि एक्झॉस्ट स्टीमच्या लाइनींसाठी हा संच घेतला. काम म्हणजे फ्लँज, म्हणजे पाइपच्या टोकांच्या बोल्टने जोडलेल्या चकत्या, उघडायच्या आणि पुन्हा कसायच्या. त्यात स्क्रूवर चालणारे, फ्लँजमधली फट उघडणारे दोन पाचरी स्प्रेडर, अर्धा इंच ड्राइव्हचा ६० ते ३४० न्यूटन-मीटर क्लिक टॉर्क पाना (लावलेला जोर भरला की ‘टक’ वाजणारा), २७ आणि ३२ मि.मी. चे स्लॉगिंग (घण मारून वापरायचे) रिंग पाने आणि एक नट स्प्लिटर (अडकलेला नट फोडणारा). गाळप सुरू होऊन आता दोन महिने होत आले. म्हणजे हेच जॉइंट खोलूनही पाहिले, बसवूनही पाहिले आणि गरम लाइनवर टिकतात का तेही पाहिलं. काम बहुतेक क्लास १५० (दाबाचा दर्जा) च्या ४ आणि ६ इंची फ्लँजवरचं.

आधी स्प्रेडर, कारण फसायला होतं ते इथेच. डब्यावर ‘किमान फट ६ मि.मी.’ असं लिहिलेलं असतं आणि घेताना त्याकडे कुणी बघत नाही. हिशोब सोपा आहे. रेज्ड फेस (मधला भाग उंच असलेल्या) फ्लँजचा उंचवटा प्रत्येक बाजूला १.६ मि.मी. असतो. दोघांच्या मध्ये स्पायरल वूंड गॅस्केट (धातूच्या पट्टीच्या वेटोळ्यांचं पॅकिंग) असेल तर दाबून ते ३.२ च्या आसपास येतं. एकूण ६.४, म्हणजे पाचर जेमतेम शिरते. पण १.५ मि.मी. चं शीट पॅकिंग असेल तर फट ४.७ वर येते आणि स्प्रेडर बाहेरच राहतो. जुन्या पाण्याच्या लाइनीवर फ्लॅट फेस फ्लँज असतात, तिथे तर पॅकिंगच्या जाडीएवढीच फट. त्यातून मागच्या माणसाने पाइप घालून पाना ओढला असेल तर फ्लँज बाहेरच्या कडेला वाकून आणखी मिटलेले असतात. तेव्हा विकत घेण्याआधी आपल्या लाइनीवरच्या दहा-बारा जॉइंटची फट व्हर्नियरने मोजा. निम्म्या ठिकाणी ६ च्या खाली भरली तर आधी बारीक पोलादी पाचरी घ्या, स्प्रेडर नंतर.

जिथे शिरतो तिथे मात्र तोड नाही. पहार आणि छिन्नीने फेसवर जे ओरखडे पडत होते ते बंद झाले. दोन स्प्रेडर समोरासमोर, १८० अंशांवर लावायचे आणि दोन्ही आलटून पालटून अर्धा-अर्धा फेरा फिरवायचे. एकच लावला तर फ्लँज तिरका उघडतो आणि उरलेल्या स्टडचे (दोन्हीकडे नट असलेल्या बोल्टचे) आटे घासतात. पाचर शेवटच्या पायरीपर्यंत टेकली आहे हे पाहिल्याशिवाय जोर देऊ नका. नुसतं टोक अडकवून फिरवलं की कडा तुटते आणि स्प्रेडर उडून बाहेर येतो. फट उघडल्यावर सोबतचा सेफ्टी ब्लॉक आत ठेवायचा, मगच जुनं पॅकिंग काढायचं. ब्लॉक असला तरी बोटं आत घालायची नाहीत. पोडगर (टोकदार शेपटीचा पाना) किंवा पितळी पट्टी वापरायची.

तक्रार एकच. बगॅसची (चिपाडाची) भुकटी स्क्रूच्या ग्रीसमध्ये बसते आणि तिसऱ्या महिन्यात एक स्प्रेडर जड फिरायला लागला. केरोसीनमध्ये धुऊन मॉलिब्डेनम ग्रीस भरल्यावर सुटला. आता दर पंधरा दिवसांनी हे करावंच लागतं, आणि माहितीपत्रकात याचा एका ओळीत उल्लेख आहे.

जॉइंट खोलताना अवजारापेक्षा क्रम महत्त्वाचा. व्हॉल्व्ह बंद म्हणजे लाइन मोकळी असं नाही. परमिट, कुलूप आणि टॅग, ड्रेन व व्हेंट उघडे, आणि शक्य असेल तिथे स्पेड (लाइन अडवणारी भरीव चकती). गेजचा काटा शून्यावर असला तरी विश्वास ठेवायचा नाही, कारण रसाच्या लाइनीवर गेजची नळी घट्ट रसाने आणि खवल्याने चोक होते. इव्हॅपोरेटर कॉस्टिक सोड्याने उकळल्यानंतरच्या लाइनी तर वेगळ्याच सावधगिरीच्या: खालच्या वळणात कॉस्टिकचं पाणी साचलेलं असतं, म्हणून फेस शील्ड, रबरी हातमोजे आणि जवळ वाहतं पाणी. पाइपला आधार नसेल तर चेन ब्लॉक लावायचा; ताणाखालची लाइन शेवटचा स्टड निघताच उसळते.

नटवर आदल्या संध्याकाळी पेनेट्रेटिंग तेल. सकाळी सगळे नट समोरासमोरच्या जोडीने फक्त अर्धा फेरा सैल करायचे. मग आपल्यापासून लांबच्या बाजूचे, त्यातही खालचे, आणखी दोन फेरे ढिले. जवळचे नट शेवटी. एकही नट पूर्ण काढायचा नाही. आत दाब किंवा पाणी उरलं असेल तर ते पलीकडे फेकलं जातं आणि उरलेल्या स्टडवर फ्लँज धरून राहतो. सील फुटून गळती थांबेपर्यंत असंच थांबायचं. सील चिकटलेलं राहिलं म्हणून नट काढून मोकळं होण्याची घाई केली की उकळतं कंडेन्सेट (वाफेचं पाणी) अंगावर येतं.

स्लॉगिंग पाने फक्त सैल करण्यासाठी. घणाने कसलेल्या नटवर किती ताण आला हे कुणालाच कळत नाही. पाना दोरीने बांधून ठेवायचा, घण मारताना तो हाताने धरायचा नाही. मागच्या नटवरचा धरपाना हा दुसरा धोका: तो फिरून शेजारच्या पाइपवर आदळतो आणि मध्ये हात असतो. मापांची एक गंमत सांगायची राहिली. ५/८ इंची स्टडच्या हेवी नटला २७ आणि ३/४ ला ३२ चा पाना व्यवस्थित बसतो. ७/८ च्या नटचं माप १ ७/१६ इंच, म्हणजे ३६.५ मि.मी. तिथे ३६ चा पाना काही नटवर बसतो, काहींवर अडतो, आणि ३८ चा कोपरे खातो. १० आणि १२ इंची क्लास १५० जॉइंट असतील तर इंचातलाच पाना घ्या.

नट स्प्लिटर ठीक. गंजून गेलेले साधे नट दहा मिनिटांत फुटतात. २एच (कडक पोलादी) नटवर ब्लेडला खाच पडली. तरी ग्राइंडर आणि हॉट वर्क (ठिणग्यांच्या कामाचं) परमिट वाचतं, एवढं पुरे.

आता टॉर्क पाना. जोडणीची पहिली अट फ्लँज जुळलेले असणं, आणि ती पाना पुरी करत नाही. मध्यरेषेतला फरक १.५ मि.मी. च्या आत, फटीतला सर्वांत मोठ्या-लहान अंतराचा फरक ०.८ च्या आत. त्यापेक्षा जास्त असेल तर बोल्टने ओढून आणू नका, सपोर्ट सुधारा. फेसवर आडवे-गोल चर असतातच, ते हवे असतात. आतून बाहेर जाणारा ओरखडा मात्र गळतोच. गॅस्केट दर वेळी नवं, आणि त्यावर ग्रीस किंवा पेस्ट नाही. तेलकट पॅकिंग दाबाखाली सरकतं.

वंगणाची पेस्ट लावायची ती स्टडच्या आट्यांना आणि नटच्या फ्लँजकडच्या तळाला. दुसरी जागा सगळे विसरतात. लावलेल्या टॉर्कपैकी जवळजवळ निम्मा नटच्या तळाच्या घर्षणात जातो, ४० टक्क्यांच्या आसपास आट्यांत, आणि स्टड ताणायला साधारण दहावा हिस्सा उरतो. तळ कोरडा राहिला की पाना ‘टक’ वाजतो पण स्टड ढिला असतो. पेस्ट लावलेल्या, कोटिंग नसलेल्या बी-७ (मिश्र पोलादाच्या) स्टडला ५/८ इंचासाठी १६० आणि ३/४ साठी २८५ न्यूटन-मीटर धरले. हा ताण स्टडच्या यील्डच्या (कायमचा ताणला जाण्याच्या मर्यादेच्या) साधारण निम्मा होतो. शीट पॅकिंगला गॅस्केटवाल्याचा आकडा कमी असेल तर तोच पाळा. दुकानातला साधा ४.६ ग्रेडचा एम-१६ बोल्ट मात्र १६० वर ताणून जातो, त्याला जेमतेम १०० झेपतात. ओळख सोपी: त्याचं डोकं २४ चं असतं.

आठ स्टडच्या फ्लँजला घड्याळाच्या दिशेने आकडे घाला आणि १-५-३-७, २-६-४-८ असं कसा. आधी हाताने, मग ३० टक्के, मग ६०, मग १००. त्यानंतर गोल फेरी, एकही नट हलेनासा होईपर्यंत. ही फेरी गाळलेले जॉइंटच नंतर झिरपले, कारण शेजारचा नट कसला की आधीचा ढिला पडतो. चार तासांनी, लाइन थंड आणि दाबाशिवाय असताना, आणखी एक फेरी. गरम होऊन गेलेल्या शीट पॅकिंगला पुन्हा कसायचं नाही. त्यातलं रबर कडक झालेलं असतं, ते तडकतं.

२८५ साठी मुठीवर साधारण ४८ किलोचा जोर लागतो. स्कॅफोल्डवर उभं राहून हे सलग कठीण आहे, ३/४ च्या स्टडची कामं जास्त असतील तर लांब दांड्याचा पाना घ्या. पाइपच्या मागे सॉकेट जात नाही तिथे क्रोफूट (पान्याला जोडायचं उघड्या तोंडाचं डोकं) वापरला. तो दांड्याला काटकोनात असेल तर सेटिंग तेच. सरळ रेषेत असेल तर लांबी वाढते. ६०० मि.मी. च्या पान्याला ६० चा क्रोफूट सरळ लावला तर १६० साठी १४५ वर लावायचं.

पान्याचा दोष म्हणजे मुठीजवळच्या पट्टीवरचे आकडे. तेलकट हातांनी ऑक्टोबरपर्यंत ते पुसट झाले, आता १६० आणि २८५ पाशी पंचने खूण केली आहे. काम संपल्यावर स्प्रिंग ६० वर आणून ठेवायची, त्याखाली नाही. नट सोडवायला हा पाना एकदाही वापरू नका. कॅलिब्रेशन वर्षातून एकदा किंवा ५००० क्लिकनंतर, जे आधी येईल ते. आमचा पुढच्या मे मध्ये, ओव्हरहॉलच्या आधी जाणार आहे. त्याच वेळी ७/८ चे इंची रिंग पाने आणि दोन बारीक पाचरी मागवायच्या आहेत. तिसरा स्प्रेडर नाही.