विंडोज ९८ला २५६ एमबी पुरे: व्हर्च्युअल मशीनमधले काही महिने

विंडोज ९८ मला हवं होतं ते एका जुन्या डेटाबेस प्रोग्रामसाठी. त्याचं सेटअप १६ बिटी आहे आणि ६४ बिटी विंडोजवर १६ बिटी प्रोग्राम चालतच नाहीत. म्हणून गेले काही महिने व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकाच्या आत दुसरा, आभासी संगणक म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्राम) ९८ सेकंड एडिशन वापरतोय. प्रकरण एकदा मार्गी लागलं की छान चालतं. फक्त मेमरी देताना हात आखडता घ्यायचा.

आजच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीनला २ जीबी देणं म्हणजे किरकोळ गोष्ट. पण १९९९ साली आलेल्या या सिस्टिमची किमान गरज २४ एमबी होती. कुठवर झेपतं हे बघायला मी मुद्दाम मेमरी वाढवत नेली. ५१२ एमबीपर्यंत काही त्रास नाही. त्यापुढे मजा सुरू होते: डेस्कटॉप व्यवस्थित येतो, पण डॉस प्रॉम्प्ट उघडायला गेलं की मेमरी पुरेशी नसल्याचा संदेश. आणखी वाढवली तर विंडोज सुरू व्हायलाच नकार देतं. सढळ हाताने द्यावं आणि समोरच्याने उपाशी असल्याची तक्रार करावी, असा हा कारभार!

याचं मूळ व्हीकॅश नावाच्या ड्रायव्हरमध्ये आहे. डिस्कचा कॅश, म्हणजे डिस्कवरचा डेटा पटकन मिळावा म्हणून रॅममध्ये ठेवलेली प्रत, सांभाळणं हे त्याचं काम. सुरुवातीलाच तो एकूण रॅम बघतो, कॅश जास्तीत जास्त किती वाढेल याचा अंदाज बांधतो आणि तेवढे मेमरी पत्ते अडवून ठेवतो. हे पत्ते म्हणजे प्रत्यक्ष रॅम नव्हे, तर सिस्टिमने मेमरीला दिलेले क्रमांक; ते येतात ३ ते ४ जीबीच्या दरम्यानच्या भागातून, आणि तिथेच बाकीच्या ड्रायव्हरांची व डॉसच्या खिडक्यांचीही सोय असते. रॅम जितकी जास्त, तितका व्हीकॅशचा वाटा मोठा. शेवटी रॅम रिकामी असते, पण वाटायला पत्ते उरलेले नसतात.

सिस्टिम.आयएनआय फाइलमधल्या व्हीकॅश विभागात मॅक्सफाइलकॅशला ५२४२८८ केबी किंवा त्याहून कमी मर्यादा घालणं हा माहितीतला उपाय. खऱ्या हार्डवेअरवर तो करावाच लागतो. व्हर्च्युअल मशीनमध्ये मात्र सेटिंगमध्ये २५६ एमबी लिहिलं की विषय संपला. कॅश लहान राहिल्याने डिस्क मंदावेल अशी भीतीही नको. आयडीई कंट्रोलरसाठी (आभासी डिस्क जोडण्याचा जुना प्रकार) व्हर्च्युअलबॉक्स मुळातच होस्टचा, म्हणजे बाहेरच्या खऱ्या संगणकाचा, कॅश वापरतं, म्हणजे डिस्कची फाइल बाहेरच्या मोठ्या रॅममध्ये कॅश होतेच.

शिवाय जास्त मेमरीने एक दुखणं बरं होतच नाही. खिडक्या, बटणं, आयकॉन यांचा हिशेब अजूनही काही प्रमाणात ६४ केबीच्या १६ बिटी हीपमध्ये (मेमरीतल्या ठरावीक राखीव जागेत) राहतो. रॅम कितीही द्या, ते ६४ केबीच. बरेच प्रोग्राम एकदम उघडले की रिसोर्स मीटरचा काटा घसरताना दिसतो. त्यावर इलाज म्हणजे कामापुरतंच उघडायचं आणि अधूनमधून रीस्टार्ट करायचं.

डिस्कचंही तसंच. काही जुन्या इन्स्टॉलरना २ जीबीपेक्षा जास्त मोकळी जागा मोजताच येत नाही आणि ते जागा नाही म्हणून अडून बसतात. त्यांच्यासाठी २ जीबीहून लहान अशी दुसरी डिस्क जोडून ठेवली आहे.

९८साठी गेस्ट ॲडिशन्स (व्हर्च्युअल मशीनच्या आत टाकायचे व्हर्च्युअलबॉक्सचे पूरक ड्रायव्हर) नाहीत, त्यामुळे बाहेरच्या संगणकासोबतचं शेअर्ड फोल्डर विसरा. फायली मी आयएसओ (सीडीची प्रतिमा असलेली फाइल) बनवून आत नेतो. कंटाळवाणं आहे, पण चालतं.

तुमचा प्रोग्राम एक्सपीवर चालत असेल तर ९८च्या वाटेला जाऊच नका. ३२ बिटी एक्सपी १ जीबी सुखाने वापरतं. विंडोज ९५ लागणार असेल तर आणखी जपून: ४८० एमबीच्या आसपासच ते सुरू व्हायला नकार देतं, तेव्हा तिथे ६४ किंवा १२८ एमबीच द्या.